सबलो

गेटवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर न हलवताच विचारलं, "एकच सीट आहे, मॅडम. कोण जातंय?"

विमानाचं दार लागायला सात-आठ मिनिटं होती. अशा वेळी चर्चा करायची नसते. ३१ वर्षं मी त्याच काउंटरच्या पलीकडे उभी राहून हाच प्रश्न लोकांना विचारलाय, आणि 'तू जा', 'नाही, तूच जा' करत बसलेल्या जोडप्याची सीट यादीतल्या पुढच्या माणसाला देऊनही टाकलीये. त्यामुळे मी नवऱ्याला जवळजवळ ढकललंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, मला कुठेच पोचायची घाई नव्हती. बोर्डिंग पास घेऊन तो एरोब्रिजमध्ये शिरला, वळणावर थांबून हात हलवला आणि दिसेनासा झाला. मी परत येऊन खुर्चीवर टेकले. पाण्याची बाटली काढायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला घराच्या किल्ल्या लागल्या. माझ्याही आणि त्याच्याही. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये त्याने खिसे रिकामे केले होते आणि ते सगळं गोळा करून नेहमीप्रमाणे मीच पर्समध्ये कोंबलं होतं.

रात्री साडेअकराला फोन आला. "मी दारात उभा आहे," एवढंच म्हणाला. ती रात्र त्याने शेजाऱ्यांच्या सोफ्यावर काढली, सकाळी आदल्या दिवशीच्याच शर्टात डॉक्टरांकडे गेला. मला दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या विमानात जागा मिळाली. मी संध्याकाळी पोचले तेव्हा तो जिन्यात बसून पेपर वाचत होता. भांडण झालं नाही. त्याने माझ्या हातातून एक जुडगा काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. तेव्हापासून प्रत्येक सिक्युरिटी तपासणीत तो किल्ल्या ट्रेमध्ये ठेवतो, ट्रे पलीकडे आला की स्वतः उचलतो, आणि उचलताना एकदा माझ्याकडे बघतो.

"तुमचं काय बुवा, एअरलाइनवाले, जन्मभर फुकट हिंडायचं," असं कोणी म्हणालं की मला तो सोफा आठवतो.

फुकट, हे अगदीच खोटं नाही. आमच्या या तिकिटाला आम्ही 'सबलो' म्हणतो. 'सब्जेक्ट टू लोड'चं हे रोजच्या तोंडातलं रूप. लोड बघून, म्हणजे पैसे भरलेले सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली तर. बऱ्याच ठिकाणी मूळ भाडं माफ असतं. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क मात्र पदरचंच. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं असेल तर त्या कंपन्यांमध्ये आपसात करार लागतो. पूर्वी 'आयडी नव्वद'चा जमाना होता, छापील भाड्यावर ९० टक्के सूट. आता बहुतेक 'झेड' चालतं, झोनल एम्प्लॉयी डिस्काउंट. अंतराचे टप्पे पाडलेले, आणि कमी, मध्यम, जास्त असे तीन दर. दोन्हीकडे गोम तीच: तिकीट हातात आहे याचा अर्थ सीट हातात आहे असा नाही. आमच्या तिकिटावर तारीख असते, विमानाचा क्रमांक असतो. आसनाच्या चौकटीत काही नसतं.

हा व्यवहार कंपन्यांना परवडतो त्याचं कारण अगदी वाण्याच्या हिशेबाचं आहे. विमानाचं दार लागलं की आतली रिकामी सीट कायमची वाया गेली. ती गोदामात ठेवता येत नाही, उद्या स्वस्तात काढता येत नाही. त्यावर एखादा म्हातारा कर्मचारी बसला तर थोडं जास्तीचं इंधन जळतं, बस्स. अमेरिकेच्या करकायद्याने तर हा हिशेब शब्दांत पकडलाय. तिथल्या कलम १३२ नुसार, कंपनीला खास जादा खर्च न पडता कर्मचाऱ्याला दिलेली सेवा त्याच्या उत्पन्नात धरली जात नाही. आणि या कामापुरता निवृत्त माणूसही कर्मचारीच मानला जातो. गंमत म्हणजे कर्मचाऱ्याच्या आईवडिलांनाही त्यात जागा दिलीये, पण ती फक्त विमानप्रवासापुरती. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कोणाची तरी मुलगी एअरलाइनमध्ये असणार, असं मला उगाच वाटतं.

तर सगळा खेळ त्या उरलेल्या सीटचा. आणि उरलेली सीट कोणाला, हे ठरवते यादी.

यादीबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण माझं अर्धं आयुष्य तिच्यात गेलंय. बाहेरच्यांना वाटतं सगळे स्टाफवाले एकाच रांगेत असतात. नसतात. सगळ्यात वर ड्यूटीवर जाणारे, ज्यांना पुढच्या गावाहून विमान न्यायचंय. ते खरं तर स्टँडबाय नसतातच, त्यांची जागा पक्की असते. २०१७ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या ओहेर विमानतळावर डॉ. डेव्हिड डाओ यांना फरपटत विमानाबाहेर काढलं, तो व्हिडिओ जगभर फिरला. तेव्हा मला कितीतरी जणांनी विचारलं, "तुम्हा स्टाफवाल्यांना बसवायला माणसाला असं बाहेर काढतात?" तेव्हाही मी हेच सांगत होते की ते चौघे सबलोवाले नव्हते, त्यांना दुसऱ्या दिवशी लुईव्हिलहून कामावर जायचं होतं. माणसाला बाहेर काढलं ते चूकच, त्याचं समर्थन नाही. पण पैसे भरलेल्या प्रवाशाला उठवून सबलोवाल्याला बसवल्याचं मी ३१ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. उलट बसलेल्या सबलोवाल्याला उठवलेलं पाहिलंय, स्वतः उठवलंय. बॅग वर ठेवून, पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "सॉरी, उतरावं लागेल." तो काही न विचारता उठतो. शेजारचे प्रवासी बघत राहतात, याने काय केलं असेल म्हणून.

ड्यूटीवाल्यांच्या खाली चालू नोकरीतले कर्मचारी आणि त्यांचे नवरे-बायका-मुलं. मग आईवडील. मग कुठेतरी निवृत्त. त्याखाली दुसऱ्या कंपन्यांचे लोक, आणि अगदी तळाला मित्रमंडळींना दिलेले पास. हा क्रम कंपनीगणिक बदलतो. कुठे निवृत्तांना थोडं वर ठेवतात, कुठे आणखी खाली. एकाच पायरीवरच्या लोकांत काही ठिकाणी नोकरीला लागल्याची तारीख बघतात, काही ठिकाणी चेक-इनची वेळ. यावरून सहकाऱ्यांमध्ये जेवढे वाद होतात तेवढे पगारावरून होत नाहीत. तारीखवाल्यांचं म्हणणं, आम्ही हाडं झिजवली. वेळवाल्यांचं म्हणणं, मग नव्या पोरांनी कधी जायचं? मी नोकरीत नवीन होते तेव्हा वेळेच्या बाजूने भांडायचे. पुढे तारखेच्या बाजूने भांडू लागले. मधे कधी बाजू बदलली ते लक्षात आलं नाही.

निवृत्तीची गंमत अशी की ती तारीख तुमच्याजवळच राहते, पण पायरी जाते. माझ्या शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत मी कंपनीतल्या बहुतेकांच्या वर होते. बारानंतर काल लागलेला पोरगा माझ्यावर. त्यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. तो उद्या कामावर येणार आहे, मी येणार नाही. पण पहिल्यांदा स्क्रीनवर आपलं नाव तिथे खाली बघितलं तेव्हा मी खालून वर वाचत गेले आणि प्रत्येक नावाला मनात म्हटलं, याला मी शिकवलंय, हिला मी शिकवलंय.

एका कॅप्टनसाहेबांची आठवण आहे. मी तेव्हा गेटवर बरीच जुनी झाले होते. नोकरीत असताना ते आले की आम्ही उभ्या राहायचो, असा माणूस. निवृत्तीनंतर एकदा ते सबलोवर आले. इस्त्रीचा शर्ट, टाय, पॉलिश केलेले बूट. त्यांच्यापुढे दहा नावं होती आणि विमानात सीटा चार. वैमानिकाला कॉकपिटमधल्या जंप सीटवर बसून जाता येतं, पण ती सोय नोकरीतल्यांची; ११ सप्टेंबर २००१ नंतर तर ते दार फार कडक झालं. साहेब काउंटरवर एकदाच आले. "माझं नाव दिसतंय ना तुला?" म्हणाले. मी म्हटलं, दिसतंय सर. "मग झालं तर." आणि जाऊन बसले. ते विमान गेलं, त्याच्यानंतरचं गेलं, तिसरंही भरून गेलं. प्रत्येक वेळी दार लागलं की ते उठून काचेपाशी जायचे, विमान मागे सरकून वळेपर्यंत बघायचे आणि परत येऊन बसायचे. रात्री माझी पाळी संपली तेव्हा ते उद्याच्या पहिल्या विमानाचा लोड विचारून निघून गेले. मला त्यांच्यासाठी काही करता आलं असतं का? नाही. नियमाबाहेर जाऊन एक नाव वर सरकवलं की दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या आमच्या सगळ्या स्टाफला माहीत असतं.

आता कपड्यांचं. आमच्या पिढीला सांगितलेलं होतं की सबलोवर जाताना नीटनेटकं जायचं, कारण तुम्ही कंपनीचे आहात. टाय सक्तीचा होता तो काळही मी पाहिला, मग तो सैल होत गेला. २०१७ मध्येच, त्या ओहेर प्रकरणाच्या दोनच आठवडे आधी, डेन्व्हरहून पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून चढू दिलं नाही, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. पोरींचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. पण हेही खरं की मी आजही जीन्स घालून गेटवर गेले तर मला चोरी केल्यासारखं वाटतं. आणखीही न लिहिलेले नियम आहेत. मोठी बॅग टाकायची नाही, कारण तुम्ही राहिलात आणि बॅग गेली तर पंचाईत. कुरकुर करायची नाही. शेजारच्या प्रवाशाला आपण फुकट आलोय हे सांगायचं नाही. त्याने काय भाडं भरलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. काउंटरवर जाऊन सारखं विचारायचं नाही. पण अगदी लांबही बसायचं नाही. नाव पुकारलं की एका मिनिटात पोचता आलं पाहिजे, इतक्याच अंतरावर.

आणि सीटा शिल्लक आहेत म्हणजे मिळतीलच असंही नाही, हे नवऱ्याला पटवायला मला कित्येक वर्षं लागली. एका तापलेल्या दुपारी विमानात नऊ सीटा रिकाम्या होत्या, यादीत आम्ही पाचवे-सहावे, आणि पुकारली फक्त दोन नावं. तो चिडला. "सात जागा रिकाम्या नेणारेत?" मी त्याला समजावलं की उन्हाने हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, मग उड्डाणाचं वजन कमी करावं लागतं. समोरून वारा असेल तर इंधन जास्त घ्यावं लागतं, तेही वजनच. तेव्हा सीट असते पण त्या सीटवरच्या माणसाला वजनाच्या हिशेबात जागा नसते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आता आपण जास्त जड आहोत." त्याला भौतिकशास्त्रही समजलं होतं आणि दुसरंही काहीतरी.

पूर्वी असं नव्हतं, असं जुने लोक सांगतात, आणि यात नुसतं गतकाळाचं कौतुक नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभरातली विमानं सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त भरून उडायची. ज्याच्या खिशात पास त्याला सीट, असा तो काळ. मग १९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायला घेतलं, कंपन्यांना एकमेकींशी झुंजावं लागलं, आणि रॉबर्ट क्रँडल यांच्या अमेरिकन एअरलाइन्सने संगणकाला कामाला लावून एकाच विमानातल्या सीटा दहा निरनिराळ्या दरांना विकायचं तंत्र बसवलं. जी सीट महाग जात नाही ती शेवटी स्वस्तात जाते, पण जाते. कोण येणार नाही याचा अंदाज बांधून चार-सहा तिकिटं जास्तीची विकायची, हेही त्यातलंच. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या विमानांच्या ८३.५ टक्के जागा भरलेल्या होत्या, तोवरचा उच्चांक. ही सरासरी आहे; तिच्यात पहाटे तीनची विमानंही आली. सुटीतल्या शुक्रवारी संध्याकाळचं विमान म्हणजे शंभरावर दोन. माझ्या नोकरीच्या काळात हे तंत्र आम्ही अभिमानाने शिकलो. प्रशिक्षणाच्या वर्गात रिकामी सीट लाल रंगात दाखवायचे, तोटा म्हणून. आपण आपल्याच म्हातारपणाच्या जागा विकायला शिकतोय हे तेव्हा वर्गातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

एकदाच उलटं झालं. एप्रिल २०२० मध्ये जगातली विमान वाहतूक आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ९४ टक्क्यांनी खाली आली. जी थोडी विमानं उडत होती त्यांत सीटाच सीटा. पण त्या जागांवर बसायला ज्यांना सगळ्यात सक्त मनाई होती, ते आम्हीच, साठीच्या वरचे. एका जुन्या मैत्रिणीने मला त्या दिवसांत एका विमानाच्या लोडचा फोटो पाठवला: १८० सीटा, प्रवासी ११. खाली काही लिहिलं नव्हतं. मीही उत्तर दिलं नाही.

पासचं आयुष्य कंपनीएवढंच, हेही लोकांना माहीत नसतं. नियमावलीत पहिल्याच पानावर बहुधा लिहिलेलं असतं की ही सवलत आहे, हक्क नव्हे. कंपनी ती केव्हाही बदलू शकते, काढून घेऊ शकते. नोकरीत असताना ते पान कोणी वाचत नाही. अमेरिकेची पॅन अ‍ॅम ४ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. १९२७ पासूनची कंपनी, तिच्या विमानांवरच्या निळ्या गोळ्याच्या चिन्हाकडे बघून आमच्या आधीची पिढी या धंद्यात आली. २००१ च्या शरदात तर दोन महिन्यांत तीन गेल्या: सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाची अ‍ॅन्सेट, २ ऑक्टोबरला इंधनाचे पैसे नाहीत म्हणून जमिनीवर बसलेली स्विसएअर, नोव्हेंबरात बेल्जियमची साबेना. बातम्यांमध्ये अडकलेले प्रवासी दिसत होते, रडणाऱ्या हवाईसुंदऱ्या दिसत होत्या. निवृत्त कुठेच दिसले नाहीत. त्यांचा कागद त्या सकाळी नुसता कागद झाला होता आणि त्यावर बातमी होण्यासारखं काही नव्हतं. २००५ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरीत आपल्या पेन्शन योजना सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात टाकल्या, तेव्हा कित्येकांचं निवृत्तिवेतन घटलं, पास मात्र राहिले. याचा अर्थ मी बराच वेळ लावत बसले होते. कंपनी बुडत असताना पेन्शन सोडते आणि पास ठेवते, कारण पासला तिला काही पडत नाही. आणि आपण त्यालाच जपून ठेवतो.

कशासाठी? हिंडायला म्हणावं तर माझं वर्षातून दोनदा जाणं होतं. खरं सांगायचं तर पासमुळे मला तिकीट काढता येईनासं झालंय. पैसे नाहीत असं नाही. बोट बटणावर जातं आणि थांबतं. ज्या सीटचा खरा भाव मला माहीत आहे, शेवटच्या क्षणी तो शून्य होतो हे मी ३१ वर्षं डोळ्यांनी पाहिलंय, तिच्यासाठी तीन आठवडे आधी पैसे मोजणं म्हणजे स्वतःला मूर्खात काढणं, असं आतून कोणीतरी म्हणतं. बहिणीच्या पंचाहत्तरीला मी अशीच राहिले. दोन दिवस आधी निघाले होते, शहाणपणाने. चार विमानं सोडली. दुसऱ्या कंपनीच्या विमानात तेव्हा तिकिटं विकत मिळत होती, मोबाइलवर दिसत होती. सात सीटा, मग पाच, मग दोन. मी ती उतरती संख्या बघत बसले होते, जणू काही मी ड्यूटीवर आहे. पोचले तेव्हा पाहुणे गेले होते आणि बहीण खुर्च्या एकात एक घालत होती. "तुझं विमान उशिरा होतं का गं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

हे मी नवऱ्यालाही खरं सांगितलं नव्हतं. पण त्याला कळलं असावं, कारण गेल्या वर्षी त्याने गुपचूप दोन तिकिटं काढली. पैसे भरून, पक्की, सीट क्रमांकासकट. १४ ए, १४ बी. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "खिडकी तुला." मी किंमत विचारली, त्याने सांगितली नाही. मी परत विचारली.

त्या दिवशी सवयीने आम्ही तीन तास आधी गेटवर. तो निवांत कोडं सोडवत बसला. मला काही बसवेना. मान आपोआप स्टँडबायच्या स्क्रीनकडे वळत होती: आडनावाची पहिली तीन अक्षरं, नावाचं एक, पुढे मिळाली त्यांना बरोबरची खूण. आठ नावं. मी माणसं शोधू लागले, आणि ती सापडतात. काउंटर आणि विमान दोन्ही दिसेल अशा जागी बसलेली, हातात एकच छोटी बॅग, बोर्डिंग सुरू झालं तरी न उठणारी. शेवटची दोन नावं एका जोडप्याची होती. सत्तरीचे असतील. बाईंनी साधाच पण इस्त्रीचा पोशाख केला होता, गृहस्थांच्या बुटांना पॉलिश.

बोर्डिंग सुरू झालं. नवरा म्हणाला, चल. मी म्हटलं, तू हो पुढे, मी आलेच. तो गेला. रांग संपली, तरी मी खांबाला टेकून उभीच. माझ्या हातात १४ ए लिहिलेला बोर्डिंग पास होता आणि मी हिशेब करत होते. पहिली सहा नावं पुकारून झाली. उरली किती? मुलीच्या खांद्यांवरून मला कळलं. एक. आणि मी आत न जाता इथेच राहिले तर दोन. नवरा आत बसला होता, बॅग वर ठेवून, बहुधा माझी खिडकी मोकळी सोडून.

मुलीने त्या जोडप्याला बोलावलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती. ते दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गृहस्थांनी बॅगेची चेन उघडली आणि आतून दुसरी, हातभर लांबीची कापडी पिशवी काढली. आधीच भरून ठेवलेली. तिच्या बंदाला किल्ल्यांचा जुडगा बांधलेला होता. बाईंनी ती खांद्याला अडकवली, औषधाची डबी आत आहे ना हे वरूनच चाचपून बघितलं आणि बोर्डिंग पास घेऊन निघाल्या. ते खुर्चीकडे परतले नाहीत, सरळ काचेपाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम," गेटवरची मुलगी मला म्हणाली, "दार लावतोय. तुम्ही येताय ना?"